याईराला थांबू दे

प्रिय मुली,

रविवारच्या संदेशासाठी लिहिलेलं तुझं टिपण दोनदा वाचलं. मेहनत दिसते, भाषाही स्वच्छ आहे. पण मार्कच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायाचे तू दोन तुकडे केलेस: एका रविवारी बारा वर्षं रक्तस्रावाने आजारी असलेली बाई आणि पुढच्या रविवारी याईराची मुलगी. असं करू नकोस. २१ ते ४३ ही तेवीस वचनं एका बैठकीत वाच आणि एकाच संदेशात मांड.

ही चूक तुझ्या एकटीची नाही. छापील बायबलमध्ये ठळक मथळे असतात, वचनांना आकडे असतात आणि डोळा तिथे आपोआप थांबतो. नव्या कराराला आजचे वचनांचे आकडे १५५१ साली रोबेर एस्तिएन या मुद्रकाने घातले. मार्कच्या पहिल्या श्रोत्यांपुढे ना आकडे होते, ना मथळे. कुणीतरी मोठ्याने वाचत होतं आणि ते ऐकत होते.

तूही आधी ऐक. याईर सभास्थानाचा, म्हणजे यहुदी प्रार्थनागृहाचा, अधिकारी, गावातला मान्यवर माणूस. भर गर्दीत तो येशूच्या पाया पडतो: माझी लेक शेवटच्या घटका मोजतेय, येऊन तिच्यावर हात ठेव, म्हणजे ती वाचेल. येशू निघतो आणि नेमकं तिथेच मार्क ही गोष्ट सोडून देतो. पुढच्या दहा वचनांत याईराचं नाव नाही. मग तो आहे कुठे? तिथेच, त्याच गर्दीत उभा. वाटेत ती आजारी बाई मागून येऊन येशूच्या कपड्याला शिवते आणि बरी होते. येशू विचारतोय, माझ्या कपड्यांना कोण शिवलं? शिष्य म्हणतात, एवढी रेटारेटी चाललीय आणि हे काय विचारतोस? येशू तरी हलत नाही. तो बाईला पुढे येऊ देतो, तिची सगळी हकिकत ऐकून घेतो.

माझा धाकटा दोन वर्षांचा असताना तापाने फणफणला होता. डॉक्टर आधीच्या पेशंट बाईशी बोलत होते आणि मी दाराशी त्याला कडेवर घेऊन उभी होते. दहा मिनिटं गेली असतील. त्या बाईचा मला किती राग आला होता! पुढे कितीतरी वर्षांनी हा उतारा वाचताना पहिल्यांदा मनात आलं, याईराला काय वाटलं असेल? तोवर मी त्याच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

एका गोष्टीच्या पोटात दुसरी गोष्ट घालण्याच्या या रचनेला अभ्यासक सँडविच म्हणतात. मला आपला संपुट हा शब्द जवळचा वाटतो. मार्कची ही आवडती रीत आहे. अकराव्या अध्यायात अंजिराचं झाड आणि मंदिर असेच एकात एक आहेत. आतली गोष्ट बाहेरचीचा अर्थ उघडते, बाहेरची आतलीचा.

आता त्या बाईचं वाक्य बघ. ग्रीकमध्ये मार्क तिच्यासाठी सात धातुसाधितं एकामागे एक लावतो आणि मुख्य क्रियापद अगदी शेवटी येतं. तुला ग्रीक येत नाही म्हणून हळहळू नकोस, मराठीला हा ढंग उपजतच आहे: बारा वर्षं आजार अंगावर असून, कितीतरी वैद्यांच्या हातून हाल सोसून, जवळचं सगळं खर्चून, काही गुण न येऊन, उलट जास्तच खालावून, येशूविषयी ऐकून, गर्दीत मागून येऊन ती त्याच्या कपड्याला शिवली. तिची बारा वर्षं त्या 'ऊन, ऊन'मध्ये आहेत. हे वाक्य तोडून सात सुटी वाक्यं केलीस तर ती तुझ्या हातून निसटतील.

विटाळाबद्दल तू दोन पानं लिहिलीस, ती कमी कर. रक्तस्रावाचा विटाळ सांगणाऱ्या, जुन्या करारातल्या लेवीयच्या पंधराव्या अध्यायाचा संदर्भ बरोबर आहे, मार्कचे शब्दही तिकडचीच आठवण देतात. पण 'अशुद्ध' हा शब्द या प्रसंगात एकदाही येत नाही आणि गर्दीतलं कुणी तिला अडवतही नाही. आपल्या घरांतल्या शिवाशिवीमुळे आपल्याला तो मुद्दा फार मोठा ऐकू येतो. येशूने यहुदी नियम मोडला, असं मात्र ठोकून देऊ नकोस. येशू, याईर, ती बाई, सगळे यहुदीच आहेत.

मत्तय आणि लूक या दुसऱ्या शुभवर्तमानकारांकडेही ही हकिकत आहे. मत्तयने ती नऊ वचनांत उरकली आहे. त्याच्याकडे बाप येतो तेव्हाच मुलगी मेलेली असते, म्हणजे थांबण्याचा जाच उरतच नाही. लूक मुलीचं वय सुरुवातीलाच सांगून टाकतो. मार्क ते राखून ठेवतो. मुलगी उठली, चालू लागली आणि मग तो म्हणतो, ती बारा वर्षांची होती. ऐकणारा चटकन मागे वळतो: म्हणजे ही जन्मली त्या सुमारास त्या बाईचा आजार सुरू झाला! बारा म्हणजे इस्राएलचे बारा वंश, असं तू लिहिलंयस. असेलही. मला मात्र एवढंच पुरतं, की एका घरात मूल वाढत होतं त्याच बारा वर्षांत दुसरीकडे एक बाई झिजत होती.

आणि ३४-३५ या वचनांचा सांधा. तुझ्या टिपणात नेमकी तिथेच कात्री लागली आहे. येशू त्या बाईला 'मुली' म्हणतो. चारही शुभवर्तमानांत त्याने एखाद्या स्त्रीला अशी हाक मारल्याचं फक्त याच प्रसंगात आहे. तुझ्या विश्वासाने तुला वाचवलं, शांतीने जा. तो हे बोलत असतानाच याईराच्या घरून माणसं येतात: तुमची मुलगी मेली. एक मुलगी मिळते त्याच क्षणी दुसरी जाते. मग येशू याईराकडे वळून म्हणतो, भिऊ नकोस, फक्त विश्वास धर. भीतीने थरथरत पुढे आलेली बाई याईराने नुकतीच पाहिली आहे, तिच्या विश्वासाबद्दल येशू काय म्हणाला तेही ऐकलं आहे. विश्वास म्हणजे काय हे त्याला आता कुणी समजावून सांगायची गरज नाही. त्याला छळणाऱ्या त्या दहा वचनांनीच ते दाखवून दिलंय.

रविवारी मोठ्याने वाचशील तेव्हा 'शांतीने जा' आणि 'तुमची मुलगी मेली' यांच्या मध्ये श्वास घेऊ नकोस. त्याच्या आधी मात्र घाई करू नकोस. त्या बाईला सगळं सांगू दे, याईराला थांबू दे. नवं टिपण बुधवारपर्यंत पाठव.

तुझ्या बाई