साड्यांच्या घडीतली पुडी

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. मुलगा सतरा वर्षं दोन महिन्यांचा, बारावीला, कंपासपेटीत गांजाची पुडी सापडली, क्लासमधल्या वीस वर्षांच्या एका मुलाने दिली म्हणतो. ताईंनी ती पुरावा म्हणून कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलीये आणि मिस्टर म्हणतायत, ओळखीच्या हवालदाराकडे नेऊन पोराला जरा दम देऊ.

ताई, आधी पुडीचं बघू. कपाट तुमचं, चावी तुमच्याकडे आणि आत काय आहे ते तुम्हाला पक्कं माहितीये, म्हणजे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या हिशोबाने आता ताबा तुमचा झाला की हो. 1 किलोपर्यंतचा गांजा अल्प प्रमाणात धरतात, पण अल्प म्हणजे माफ नाही, त्यालाही 1 वर्षापर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. लोक अशा वेळी काय करतात ते मला माहितीये, पण वकील म्हणून 'फ्लश करून टाका' असं मी लिहून देऊ शकत नाही. तिथल्या एखाद्या फौजदारी वकिलाला आजच फोन करा, त्यांच्यामार्फत ती रीतसर जमा करता येईल. फॅमिली ग्रुपवर फोटो तर अजिबात नको.

हवालदाराचं म्हणाल तर मिस्टरांना थांबवा. पोरगं घाबरून तिथे चार नावं घेऊन बसलं की मग प्रकरण ओळखीच्या माणसाच्या हातात राहत नाही.

मुलगा अठराच्या आत आहे तोवर बाल न्याय कायदा त्याच्या बाजूने आहे. पकडला गेलाच तर लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं, नाव छापता येत नाही. एवढ्याशा गोष्टीत एकट्या मुलावर सहसा एफआयआरही होत नाही, मात्र सोबत सज्ञान कुणी असेल तर होऊ शकतो, म्हणून त्या वीस वर्षांच्या महाशयांबरोबरचं फिरणं आधी बंद. दहावीच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स हाताशी ठेवा, वयावरून वाद झाला की तीच लागते. दहा महिन्यांनंतर हीच पुडी सापडली तर थेट नेहमीचं कोर्ट, हे त्यालाही समजावून सांगा, मारून नाही.

सवयच लागली असेल तर सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून उपचाराला जाणाऱ्याला एनडीपीएसच्या कलम 64अ मध्ये खटल्यापासून संरक्षण मिळतं, पण उपचार अर्धवट सोडले तर ते जाऊ शकतं. कुठे जायचं ते 14446 या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारा, फोन फुकट आहे.

आणि ज्याने दिली त्याला सोडू नका, मुलाला अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम 77 खाली 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. 1933 या अमली पदार्थांच्या तक्रारीसाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर नाव न सांगताही कळवता येतं, पण आधी वकिलाशी बोला, कारण एक गोष्ट मुलाला शांतपणे विचारायची राहिलीये, पुडी स्वतःसाठी होती की पुढे कुणाला पोचवायची होती? पोचवायची असेल तर पोराकडून माल फिरवणाऱ्या त्या मोठ्यावर त्याच कायद्याचं कलम 78 लागतं आणि तुमच्या मुलाची बाजू वेगळ्या पद्धतीने मांडावी लागते, तेव्हा ते वकिलाला पहिल्याच फोनमध्ये सांगा.