वाचकांचे प्रश्न : २८ मुलं, २० मिनिटांचं नाटक

प्रश्न : आमच्या सहावीच्या वर्गात २८ मुलं आहेत. स्नेहसंमेलनासाठी 'पाणी वाचवा' या विषयावर २० मिनिटांचं नवं नाटक मला लिहायचं आहे. प्रत्येकाला काम मिळायला हवं. सुरुवात कुठून करू?
– एक शिक्षिका

उत्तर : विषय बाजूला ठेवा, आधी भांडण शोधा. 'पाणी वाचवा' डोक्यात ठेवून लिहिलं की मुलांच्या तोंडी भाषणं येतात आणि प्रेक्षकांत चुळबुळ सुरू होते. त्याऐवजी मधली सुट्टी घ्या. तीन नळांपैकी एकच चालू आहे, रांग मोठी आहे, घंटा व्हायला पाच मिनिटं उरली आहेत. लिहायला बसण्याआधी हा प्रसंग पाच-सहा जणांच्या गटांना वर्गात करायला लावा. प्रत्येकाला एक हट्ट द्या : एकीला खरकटे हात धुवायचेत, एकाला बाटली भरायची आहे, एकाला मित्राला मध्ये घुसवायचंय. मुलं जे बोलतील ते टिपून घ्या. 'पाणी म्हणजे जीवन' असं रांगेत कुणी म्हणत नाही. 'काल तू माझी बाटली पालथी केलीस, आज आधी मी!' असं नक्की म्हणतात, आणि पाण्याचा प्रश्न तिथेच उभा राहतो.

२० मिनिटांसाठी साधारण १५०० शब्द पुरतात. बसून वाचताना १३-१४ मिनिटं लागली, तर हालचाली, एन्ट्री-एक्झिट आणि हशा धरून वेळ बरोबर भरतो. वाचनच २० मिनिटांचं झालं तर आत्ताच कापा. ऐन तालमीत कापलेली वाक्यं मुलांच्या तोंडून हटकून येतात.

बोलणारी पात्रं आठ पुरेत. उरलेल्या वीस जणांना झाडं किंवा ढग करून उभं करू नका, मुलांना ते मनापासून लागतं. त्यांचा समूह करा आणि त्याच्यावर नाटकाचा भार टाका. दहा जणांची रांग, दहा जणांचा नळ. नळाचा गट 'टप्, टप्' असा ठेका धरतो, भांडण वाढतं तसा ठेका मंदावतो आणि एका क्षणी थांबतो. रांगेतल्यांना ते कळायला दोन वाक्यं उशीर होऊ द्या. समूहाने एकत्र म्हणायचं वाक्य मात्र चार-पाच शब्दांचंच हवं. लांब वाक्यात आवाज पुढेमागे होतात आणि शब्द कळत नाहीत.

प्रसंग एकाच जागी ठेवा. दर ब्लॅकआऊटला मुलं अंधारात धडपडतात, विंगेत कुजबुज होते आणि रंगलेला प्रसंग सांडतो. शाळेत बहुतेक दोनच उभे माइक असतात, म्हणून नळ दोन माइकच्या मधोमध, पुढे घ्या. महत्त्वाची वाक्यं आपोआप माइकजवळ येतील.

आठही भूमिकांचे संवाद समूहातल्या एकेकाकडून पहिल्या तालमीपासून पाठ करून घ्या. संमेलन थंडीत असतं, आणि आदल्या दिवशी कुणाला तरी ताप येतोच.