आई-वडिलांना भेटण्याचा कायदा

प्रश्न : चीनमध्ये आई-वडिलांना भेटायला न जाणं बेकायदेशीर आहे, हे खरं का? यामागे प्राचीन चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियस आहे की सरकारची सोय?

उत्तर : खरं आहे, पण त्यासाठी तुरुंगवास नाही. ज्येष्ठांच्या हक्कांविषयीचा सुधारित कायदा १ जुलै २०१३ पासून लागू झाला. वेगळं राहणाऱ्या मुलांनी आई-वडिलांना वरचेवर भेटावं किंवा त्यांची विचारपूस करावी, असं त्याचं कलम १८ सांगतं. वरचेवर म्हणजे किती, हे कायद्यात नाही. ते न्यायालय ठरवतं. त्याच दिवशी वूशी शहराच्या न्यायालयाने ७७ वर्षांच्या एका आईच्या दाव्यात लेकीला दोन महिन्यांतून किमान एकदा, शिवाय सणासुदीच्या सुट्ट्यांत किमान दोनदा भेटायला जायला सांगितलं.

पैशाच्या बाबतीत मात्र कायदा कडक आहे. वारसाहक्क सोडला तरी सांभाळायची जबाबदारी सुटत नाही. गंभीर प्रकरणात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडच्या २००७ च्या कायद्यातही निर्वाहभत्ता मागता येतो, पण भेटीचं बंधन नाही.

घोडं अडतं ते रजेपाशी. कलम १८ मालकांनाही रजा द्यायला सांगतं. पण नेमके दिवस ठरवणारा नियम १९८१ चा आणि सरकारी नोकरांपुरता : अविवाहितांना वर्षातून एकदा २० दिवस, विवाहितांना चार वर्षांतून एकदा २० दिवस. गावापासून हजार किलोमीटरवर खासगी कारखान्यात राबणाऱ्याला वसंतोत्सवाचीच, म्हणजे चिनी नववर्षाच्या सुट्टीचीच वाट पाहावी लागते. अशा मुलाला कृतघ्न म्हणणं अन्यायाचं आहे.

कन्फ्यूशियस यात नक्कीच आहे. नुसतं खाऊ घालणं म्हणजे सेवा नव्हे, कुत्र्या-घोड्यांनाही आपण खाऊ घालतोच. आदर नसेल तर फरक काय, असं तो विचारतो. ज्येष्ठांच्या मानसिक गरजांचा कलम १८ मधला उल्लेख याच विचाराशी जुळतो. सरकारची सोयही आहेच. २०२० च्या जनगणनेत साठी ओलांडलेले सुमारे २६ कोटी ४० लाख लोक होते, आणि अनेकांना एकच अपत्य. म्हणूनच २०२३ पासून साठीपुढच्या पालकांना सांभाळणाऱ्या एकुलत्या अपत्याला महिन्याला ३,००० युआन उत्पन्नावर करसवलत मिळते. भावंडं असतील तर हीच रक्कम वाटून घ्यायची, एकाला जास्तीत जास्त १,५००.

प्रश्न : आजच्या मुलांनी नेमकं काय करावं, अशी तिथे अपेक्षा असते?

उत्तर : २०१२ मध्ये अखिल चीन महिला महासंघाने इतरांच्या साथीने मातृपितृसेवेचे २४ नवे नियम जाहीर केले. आठवड्याला फोन करा, आई-वडिलांना इंटरनेट शिकवा, योग्य विमा काढून द्या. आणि आई किंवा वडील एकटे उरले असतील, तर त्यांच्या पुनर्विवाहाला पाठिंबा द्या.