बाइकच्या सायलेन्सरचा गंजलेला नट इंजिनच्या हेडमधला स्टड न तोडता कसा काढायचा?

पान्याला पाइप लावून जोर काढू नका. स्टड (हेडमध्ये बसवलेला, डोकं नसलेला आट्यांचा बोल्ट) बहुतेक ६ किंवा ८ मिमीचा असतो, नट सुटायच्या आधी तोच पिळवटून तुटतो.

वायर ब्रशने उघडे आटे साफ करा, गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रात्रभर राहू द्या. साधं इंजिन ऑइल जाड असतं, आट्यांत शिरत नाही. सकाळी नटावर हातोडीने हलके ठोके द्या. गोटी (सॉकेट पाना) सहा कोनीच घ्या; बारा कोनी रिंग पान्याने गंजलेले कोपरे गोल होतात. आधी किंचित आवळून बघा. ‘कट्’ आवाज आला की गंज फुटला. मग पाव फेरा मागे, थोडा पुढे, मध्ये स्प्रे.

नाहीच हलला तर उष्णता. पेट्रोलची टाकी उतरवा, स्प्रे पूर्ण पुसा (तो पेटतो), आणि गॅसच्या टॉर्चने फक्त नट तापवा. तो फुगून पकड सोडतो.

कोपरे गेलेच असतील तर नट छिन्नीने उभा चिरा. नटाबरोबर अख्खा स्टड बाहेर आला तर उलट बरंच, नवा स्वस्तात मिळतो. बसवताना आट्यांना कॉपर ग्रीस लावा.