पहिला घोट घेण्याआधी नाक वापर

अरे, बिअर पहिल्यांदाच चाखतोयस, तर एकदम आयपीएवर, म्हणजे कडवट ‘इंडिया पेल एल’वर, उडी मारू नकोस. कडू लागलं की बिअरच नको म्हणशील. अंधेरी-वांद्र्याकडच्या एखाद्या ब्रूपबमध्ये (जिथे बिअर तिथेच बनवतात) छोट्या ग्लासांचा सॅम्पलर माग आणि हेफेवायझन या गव्हाच्या जर्मन बिअरपासून सुरुवात कर. तिला केळ्याचा, लवंगेचा वास येतो, पण त्यातलं काहीच घातलेलं नसतं. सगळी यीस्टची करामत!

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:

- बर्फाळ मग. गारठ्याने वास दबतो, जीभ बधिर होते. आपल्या उकाड्यात मोह होतो, मान्य. तरी ७-८ अंश पुरे. स्टाउट, म्हणजे काळी, भाजक्या चवीची बिअर, तर १०-१२ वर खुलते.
- आधी शेजवान चकणा. मग चव कसली कळणार?
- थेट बाटलीने पिणं.

चार नमुन्यांवर थांब. वय २१ पूर्ण आहे ना? दारू पिण्याचं परमिट काढ, आणि घरी लोकलनेच जा.