वाचकांचे प्रश्न: झाटोपेकचा फोटो भिंतीवर ठेवू की काढू?

प्रश्न: ताई, मी कऱ्हाडजवळ एका ग्राउंडवर शाळेतल्या मुलांना रनिंग शिकवतो. आमच्याकडे १९५२ चं हेलसिंकी म्हटलं की खाशाबा जाधवांचं ब्रॉन्झ, हे लहान पोरालाही माहितीय. त्याच ऑलिंपिकमधला म्हणून मी मुलांना चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक सांगतो, ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन, तिन्ही गोल्ड एकाच ऑलिंपिकमध्ये, आणि मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदा पळत होता. परवा एका पालकांनी मुलांसमोरच सांगितलं की हा माणूस १९६८ मध्ये त्याच्या देशात रशियन रणगाडे आल्यावर आधी विरोधात बोलला आणि नोकरी गेल्यावर १९७१ मध्ये सगळं मागे घेतलं, तिकडचीच जिम्नॅस्ट वेरा चास्लावस्का मात्र वाकली नाही. मी शोधलं तर खरंच निघालं. रात्रभर झोप नाही. फोटो काढून टाकू का?

उत्तर: दादा, फोटो राहू द्या. पण त्या पालकांवर रागावू नका, ते खोटं बोललेले नाहीत.

जून १९६८ मध्ये तिकडे 'दोन हजार शब्द' नावाचा जाहीरनामा निघाला होता, कम्युनिस्ट राजवट सैल करणाऱ्या सुधारणा थांबवू नका असं सांगणारा, त्यावर झाटोपेकनेही सही केली आणि वेरानेही. ऑगस्टमध्ये त्या सुधारणा चिरडायला सोव्हिएत रणगाडे शिरले तेव्हा हा सैन्यातला अधिकारी असून प्रागच्या चौकात लोकांसमोर उभा राहून बोलला, मेक्सिको ऑलिंपिकमधून सोव्हिएत युनियनला बाहेर काढा म्हणाला. मग कम्युनिस्ट पक्षातून काढलं, सैन्यातून काढलं, आणि चार गोल्ड मेडलवाला माणूस (एक १९४८ चं लंडनचं) जमिनीत बोअर मारणाऱ्या टोळीत, घरापासून लांब, बायकोपासून लांब, ट्रेलरमध्ये राहायला लागला. पन्नाशीला टेकलेला. तिथे काही वर्षं काढल्यावर त्याने शब्द मागे घेतले. नंतर प्रागमध्ये परदेशी क्रीडा मासिकं वाचून त्यातलं भाषांतर करायचं टेबलावरचं काम मिळालं, बास, एवढीच ती 'बक्षिशी'.

त्या माघारीने नुकसान झालं नाही असं मी म्हणणार नाही. अशा राजवटीला माणसाचं मन बदललंय की नाही याच्याशी देणंघेणं नसतं, तिला नाव हवं असतं, कारण झाटोपेकच गप्प बसला तर कारखान्यातला साधा फिटर कशाच्या जोरावर बोलणार. हे त्यालाही कळत असणार. तरी १९७१ च्या त्या माघारीची सगळ्यात मोठी किंमत त्याने स्वतःच मोजली, त्याचे जुने मित्र दुरावले, जे लोक त्याला खांद्यावर घ्यायचे तेच तोंड फिरवायला लागले. मला त्याबद्दल त्याचा राग येत नाही, वाईट वाटतं.

मला त्याच्याबद्दल खरा त्रास होतो तो १९५० चा, आणि ते त्या पालकांनी काढलंच नाही. मिलादा होराकोव्हा नावाची एक वकील आणि खासदार बाई होती, जिला आधी नाझींनी तुरुंगात टाकलं होतं, तिच्यावर कम्युनिस्टांनी देशद्रोहाचा नाटकी खटला भरला आणि २७ जून १९५० ला फाशी दिली. आइनस्टाइनने तिच्यासाठी दयेची विनंती केली होती. देशात मात्र कारखान्या-कारखान्यातून, शाळाशाळांतून शिक्षेच्या बाजूने ठराव गोळा केले जात होते आणि झाटोपेकच्या नावानेही शिक्षेला पाठिंबा देणारा मजकूर छापून आला. असे मजकूर तेव्हा बहुतेकदा वरून तयारच येत, तो सत्तावीस वर्षांचा होता, सैन्यात होता, सगळं मान्य. पण १९७१ मध्ये त्याने स्वतःचा मान घालवला आणि १९५० मध्ये त्याचं नाव दुसऱ्याच्या गळ्यातल्या दोरीच्या बाजूने उभं राहिलं, आणि माझ्यासाठी हे दोन्ही एका तराजूत बसतच नाही. त्याच्या खात्यावर डाग लावायचाच असेल तर तो इथे लावा.

आणि मग दोनच वर्षांनी हाच माणूस काय करतो बघा. हेलसिंकीच्या टीममध्ये स्टानिस्लाव युंगविर्थ नावाचा १,५०० मीटरवाला पोरगा होता, त्याचे वडील राजकीय कैदी म्हणून तुरुंगात, म्हणून सरकारने पोराला जायला मनाई केली. झाटोपेक म्हणाला, हा येणार नसेल तर मीही जात नाही, आणि खरंच विमानात बसला नाही. टीम गेली आणि हा मागे राहिला! तिन्ही गोल्ड पणाला लावली त्याने, करिअर पणाला लावलं, कदाचित तुरुंगही वाट बघत असता, तेही एका ज्युनियरसाठी. शेवटी सरकार नमलं आणि दोघंही गेले.

वेराचं म्हणाल तर ती खरंच वेगळी बाई. मेक्सिकोच्या आधी काही आठवडे डोंगरात लपून बटाट्याची पोती उचलून सराव केला, चार गोल्ड जिंकली, आणि पोडियमवर सोव्हिएत राष्ट्रगीत सुरू झाल्यावर मान खाली घालून फिरवली. सही कधीच मागे घेतली नाही, कितीतरी वर्षं नीट काम मिळू दिलं नाही तिला. तिचा फोटोही लावा, नक्की लावा, पण झाटोपेकला छोटं करायला नको. तिचं धाडस तिचं आहे, ते दुसऱ्याला मारायची छडी म्हणून वापरलं तर तिच्यावरही अन्याय होतो.

मुलांना सगळं सांगा, होराकोव्हाबाईंचं नावसुद्धा फळ्यावर लिहा. आठवी-नववीच्या पोरांना कळतं हो. आणि युंगविर्थचं पुढे काय झालं असं कोणीतरी हमखास विचारेल, तर हेलसिंकीत त्याला मेडल मिळालं नाही, पण १९५७ मध्ये स्टारा बोलेस्लावला त्याने १,५०० मीटरचा वर्ल्ड रेकॉर्ड केला, ३ मिनिटं ३८.१ सेकंद.