संस्थात्मक वर्णद्वेष की संस्थागत वंशभेद?

प्रश्न : भाषांतराचे काम करणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, लंडनच्या पोलीस दलावरील अहवालांविषयीच्या मजकुरात 'इन्स्टिट्यूशनल रेसिझम' ही संज्ञा वारंवार येते. मराठी वर्तमानपत्रांत तिच्यासाठी कुठे 'संस्थात्मक वर्णद्वेष', कुठे 'संस्थागत वंशवाद', तर कुठे नुसता 'वांशिक भेदभाव' असे शब्द आढळतात. यांपैकी कोणता शब्द योग्य आणि का?

उत्तर : माझ्या मते या संज्ञेसाठी 'संस्थागत वंशभेद' हा शब्द वापरावा. 'वर्णद्वेष' हा शब्द मराठीत रुळलेला आहे आणि त्याच्या जागी तो योग्यही आहे, परंतु या विशिष्ट संज्ञेसाठी तो वापरला की मूळ संकल्पनेचा अर्थ जवळजवळ उलटा होतो. हे विधान थोडे कठोर वाटेल, म्हणून त्यामागची कारणे सविस्तर मांडतो.

'वर्णद्वेष' आणि 'वर्णद्वेषी' हे शब्द मराठी वाचकाच्या कानावर मुख्यतः दोन वाटांनी आले. पहिली वाट दक्षिण आफ्रिकेची. तेथे १९४८ साली नॅशनल पक्ष सत्तेवर आल्यानंतर जी व्यवस्था कायद्याने उभी राहिली, तिला आपण 'वर्णद्वेषी राजवट' म्हणत आलो. त्या राजवटीच्या निषेधार्थ भारताने १९७४ मध्ये डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचूनही दक्षिण आफ्रिकेशी खेळण्यास नकार दिला, तेव्हा टेनिसमध्ये रस नसलेल्या वाचकांपर्यंतही हा शब्द पोहोचला. दुसरी वाट क्रिकेटच्या मैदानावरील शेरेबाजीची. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीच्या कसोटीत मोहम्मद सिराज याने प्रेक्षकांतून येणाऱ्या शिवीगाळीची तक्रार केली, कर्णधार अजिंक्य रहाणे याने ती पंचांकडे नेली, खेळ काही मिनिटे थांबला आणि सहा प्रेक्षकांना मैदानाबाहेर काढण्यात आले. पुढे ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने चौकशीअंती मान्य केले की खेळाडूंना खरोखरच अशी शिवीगाळ झाली होती, मात्र ती करणारे त्या सहा जणांत नव्हते. या प्रसंगाच्या वार्तांकनात 'वर्णद्वेषी शेरेबाजी' हा शब्दप्रयोग सर्वत्र झाला आणि तो अगदी नेमका आहे, कारण तेथे एक माणूस दुसऱ्या माणसाला त्याच्या रंगरूपावरून मुद्दाम दुखवत होता. मनात तिरस्कार, ओठांवर शिवी आणि समोर लक्ष्य असे सगळे जुळून आले की 'द्वेष' हा शब्द चपखल बसतो.

'इन्स्टिट्यूशनल रेसिझम' या संज्ञेचा जन्म मात्र नेमका वेगळ्या गरजेतून झाला. स्टोकली कार्मायकेल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी १९६७ मध्ये अमेरिकेच्या संदर्भात ती प्रथम मांडली. व्यक्तीने उघडपणे केलेला अन्याय सर्वांना दिसतो आणि त्याचा निषेधही होतो, पण संस्थांच्या रोजच्या, प्रतिष्ठित आणि शांत कारभारातून होणारा अन्याय कोणाच्याच नावावर मांडता येत नाही, हे त्यांना सांगायचे होते. ही संज्ञा ब्रिटनच्या सार्वजनिक जीवनात घरोघरी पोहोचली ती स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या तरुणाच्या खुनाच्या चौकशीमुळे, आणि ती हकीकत समजून घेतल्याशिवाय शब्दाची निवड करणे मला योग्य वाटत नाही.

२२ एप्रिल १९९३ च्या रात्री आग्नेय लंडनमधील एल्थम येथे बसची वाट पाहत असलेल्या स्टीफनवर गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने हल्ला केला. सोबतचा मित्र बचावला. हा मित्र साक्षीदार होता, स्वतः हल्ल्यातून वाचलेला होता, तरी पोलिसांनी त्याला तशी वागणूक दिली नाही. संशयितांची नावे पोलिसांकडे पहिल्या काही दिवसांतच अनेक बाजूंनी आली होती, पण पहिल्या अटकेला दोन आठवडे लागले. ६ मे रोजी नेल्सन मंडेला लंडनमध्ये स्टीफनच्या आईवडिलांना भेटले आणि दुसऱ्या दिवशी अटका सुरू झाल्या. पुढे सरकारी खटला सोडून देण्यात आला. डोरीन आणि नेव्हिल लॉरेन्स यांनी स्वतः उभा केलेला खाजगी खटला १९९६ मध्ये कोसळला. १९९७ मध्ये मृत्यूचे कारण ठरवणाऱ्या ज्यूरीने, पाच गोऱ्या तरुणांनी कोणतीही चिथावणी नसताना वंशद्वेषातून केलेला हा खून आहे, असा निर्णय दिला. त्याच वर्षी गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी निवृत्त न्यायाधीश सर विल्यम मॅक्फर्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली. तिचा अहवाल फेब्रुवारी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

या एकाच प्रकरणात दोन भिन्न गोष्टी आहेत, हे भाषांतरकाराने लक्षात ठेवले पाहिजे. ज्यांनी सुरा चालवला त्यांच्या कृत्याला 'द्वेष' हा शब्द लावण्यात काहीच अडचण नाही. परंतु ज्या पोलीस दलाने तपास बिघडवला, त्याच्याविषयी मॅक्फर्सन यांनी काय म्हटले? लोकांचा रंग, संस्कृती किंवा वांशिक मूळ यांमुळे त्यांना योग्य आणि व्यावसायिक दर्जाची सेवा देण्यात संस्थेला सामूहिकरीत्या आलेले अपयश, अशी त्यांनी व्याख्या केली. हे अपयश संस्थेच्या प्रक्रियांत, दृष्टिकोनांत आणि वर्तनात आढळते, आणि अभावितपणे बाळगलेला पूर्वग्रह, अज्ञान, अविचार व ठोकळेबाज समजुती यांतून ते भेदभावाला कारणीभूत होते, असे त्यांनी पुढे नोंदवले. या व्याख्येतील 'अभावितपणे' ही कल्पना कळीची आहे. द्वेष अभावितपणे करता येत नाही. ज्याचा द्वेष करायचा तो मनात असावाच लागतो. म्हणून 'संस्थात्मक वर्णद्वेष' असे लिहिले की वाचकाच्या डोळ्यांसमोर काळ्या लोकांचा तिरस्कार करणारे शिपाई आणि अधिकारी उभे राहतात, आणि अहवालाने जे सांगितले ते नेमके हरवते.

हा अर्थभेद किती महत्त्वाचा आहे हे त्या देशातील संस्थांच्या प्रतिसादावरूनच दिसते. १९८१ मध्ये ब्रिक्स्टन येथील दंगलींची चौकशी करणाऱ्या लॉर्ड स्कारमन यांनी, जाणूनबुजून धोरण म्हणून भेदभाव करणारा देश या अर्थाने ब्रिटनवर केलेला हा आरोप नाकारला होता, मात्र नकळत होणाऱ्या भेदभावाची शक्यता गांभीर्याने तपासावी असे सांगितले होते. मॅक्फर्सन चौकशीपुढे लंडनचे पोलीस आयुक्त सर पॉल कॉन्डन यांनीही ही संज्ञा स्वीकारण्यास विरोध केला, कारण प्रत्येक पोलीस शिपाई वंशद्वेष्टा आहे असा तिचा अर्थ लोक घेतील अशी भीती त्यांना वाटत होती. मूळ शब्दात 'द्वेष' नसतानाही ही भीती होती, मग मराठीत आपण तो शब्द स्वतःहून घालावा का?

मराठीला यासाठी नवीन काही घडवावे लागत नाही, कारण 'द्वेष' आणि 'भेद' यांतील फरक या भाषेने फार पूर्वीपासून जपला आहे. 'जातिद्वेष' आणि 'जातिभेद' हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरत नाही. जातिद्वेष ही मनाची वृत्ती आहे, तर जातिभेद ही समाजाची रीत आहे. ती पाळणाऱ्याच्या मनात राग असलाच पाहिजे असे नाही. वेगळी ठेवलेली कपबशी शांतपणे आणि सवयीने वेगळी ठेवली जात असे. महाडचे उदाहरण पाहावे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला आणि महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी चवदार तळे खुले केल्याचे ठरवले. तरीही डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करीपर्यंत ते तळे व्यवहारात बंदच राहिले. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल येण्यास १९३७ साल उजाडावे लागले. कागदावर समता आणि व्यवहारात बंदी ही संस्थेची वागणूक 'भेद' या शब्दात बरोबर पकडली जाते. जात आणि वंश या गोष्टी एक आहेत असे मला येथे मुळीच सुचवायचे नाही. जातीची उत्पत्ती वंशावरून लावण्यास स्वतः बाबासाहेबांचा विरोध होता. मुद्दा इतकाच की, अशी वागणूक सांगणारे शब्द मराठीने स्वतःच्या अनुभवातून कमावले आहेत आणि ते येथे उपयोगी पडतात.

'द्वेष' या शब्दाचा दुसरा दोष असा की तो संस्थेला सुटकेची वाट देतो. यॉर्कशायर काउंटी क्रिकेट क्लबमध्ये अझीम रफीक या खेळाडूने २०२० मध्ये जाहीर तक्रार केली. क्लबने नेमलेल्या चौकशीत ४३ पैकी ७ आरोप ग्राह्य धरले गेले. त्याचा छळ झाल्याचे मान्य झाले आणि तरीही कोणावर कारवाई करण्याचे कारण नाही असे क्लबने जाहीर केले. त्याच्या पाकिस्तानी वंशावरून वापरलेला एक अपशब्द मैत्रीपूर्ण चेष्टामस्करीत मोडतो, असा चौकशीचा निष्कर्ष असल्याचे बाहेर आले, तेव्हा संताप उसळला. नोव्हेंबर २०२१ मध्ये रफीक याने संसदीय समितीपुढे साक्ष दिली, क्लबचे अध्यक्ष पायउतार झाले, क्लबकडून आंतरराष्ट्रीय सामन्यांचे यजमानपद तात्पुरते काढून घेण्यात आले आणि २०२३ मध्ये चार लाख पौंडांचा दंड व गुणकपात झाली. दंडापैकी तीन लाख स्थगित होते. 'मनात द्वेष नव्हता, चेष्टा होती' हा बचाव 'वर्णद्वेष' या आरोपाला उत्तर ठरू शकतो, परंतु 'वंशभेद' या आरोपाला तो मुळीच लागू पडत नाही, कारण भेदाचा निवाडा हेतूवरून होत नाही, तो परिणामावरून होतो.

आता 'वर्ण' की 'वंश' याविषयी. 'वर्ण' म्हणजे रंग हे खरे, परंतु मराठीत या शब्दाबरोबर चातुर्वर्ण्यही येते आणि 'वर्णभेद' वाचून नेमका कोणता भेद अभिप्रेत आहे याचा क्षणभर घोटाळा होतो. शिवाय हा अन्याय त्वचेच्या रंगापुरता मर्यादित नसतो. युरोपातील ज्यू आणि रोमा लोकांना जे भोगावे लागले त्याचा उलगडा रंगाने होत नाही. आपल्याकडेही जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचल प्रदेशातील निडो तानिया या विद्यार्थ्याला दिल्लीतील लाजपतनगरात त्याच्या दिसण्यावरून हिणवले गेले. नंतर झालेल्या मारहाणीत त्याचा मृत्यू झाला आणि केंद्र सरकारला ईशान्येकडील लोकांच्या प्रश्नांसाठी बेजबरुआ समिती नेमावी लागली. या अन्यायाला 'वर्णद्वेष' म्हणणे ओढूनताणून होईल. भारतीय संविधानाच्या मराठी प्रतीत अनुच्छेद १५ मध्ये 'धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान' असा क्रम आहे, म्हणजे कायद्याच्या मराठीनेही 'वंश' हाच शब्द निवडला आहे. मानवांचे जीवशास्त्रीय वंश खरोखर अस्तित्वात आहेत, असे या शब्दामुळे मान्य होत नाही. समाज माणसांना जशी विभागणी लावतो, तिचेच ते नाव आहे. दक्षिण आफ्रिकेच्या राजवटीसाठी मात्र 'वर्णभेद' हा रूढ शब्द राहू द्यावा. त्या धोरणाच्या मूळ आफ्रिकान्स नावाचा अर्थच 'अलगपणा' असा आहे, त्यामुळे तेथेही 'वर्णद्वेषी'पेक्षा 'वर्णभेदी' अधिक जवळचा आहे.

'वंशवाद' हा शब्द मी टाळतो. 'वाद' हा उत्तरपद म्हणून आला की आपण एखादी जाणीवपूर्वक स्वीकारलेली विचारसरणी समजतो, जसे समाजवाद किंवा व्यक्तिवाद. १९३५ चे न्यूरेंबर्ग कायदे ज्या सिद्धांतावर उभे होते त्याला 'वंशवाद' म्हणणे योग्य आहे, पण अभावितपणे होणाऱ्या गोष्टीला वाद म्हणता येत नाही. त्यातच हिंदीत 'वंशवाद' हा शब्द राजकारणातील घराणेशाहीसाठीही वापरला जातो आणि तो अर्थ हळूहळू मराठी मथळ्यांतही शिरू लागला आहे.

'संस्थात्मक' की 'संस्थागत' हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. 'संस्थात्मक' म्हणजे संस्थेचे स्वरूप असलेले, जसे संस्थात्मक कार्य. 'संस्थागत' म्हणजे संस्थेत असलेले, तिच्या ठायी वसलेले. आपल्याला दुसरा अर्थ हवा आहे. 'संस्थागत' हिंदी वाटतो असा आक्षेप घेतला जातो, परंतु 'व्यक्तिगत' आणि 'परंपरागत' हे शब्द मराठीत बिनतक्रार नांदतात, आणि 'व्यक्तिगत द्वेष' व 'संस्थागत भेद' अशी जोडी केली की दोन्ही कल्पना आपोआप वेगळ्या होतात.

प्रत्यक्ष भाषांतरात एक दक्षता घ्यावी. मार्च २०२३ मध्ये बॅरोनेस लुईस केसी यांच्या अहवालाने लंडनच्या पोलीस दलावर पुन्हा हाच ठपका ठेवला, तेव्हा आयुक्त सर मार्क रोली यांनी दलातील वंशभेदी व्यक्ती आणि व्यवस्थेतील दोष मान्य केले, पण 'संस्थागत' हे विशेषण संदिग्ध व राजकीय झाले आहे असे सांगून ते वापरण्याचे नाकारले. अशा मजकुरात अहवालाच्या तोंडी 'संस्थागत वंशभेद' आणि आयुक्तांच्या तोंडी 'व्यवस्थेतील त्रुटी' असे दोन्ही शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवावेत. दोन्ही ठिकाणी 'वर्णद्वेष' लिहिले तर आयुक्तांनी काय नाकारले हेच मराठी वाचकाला कळणार नाही. वाक्य 'लंडनचे पोलीस दल संस्था म्हणून वंशभेद करते, असा निष्कर्ष अहवालाने काढला' असे केले तरी चालेल. किंबहुना वर्तमानपत्रासाठी मी तेच पसंत करीन, कारण त्यात क्रियापद आहे आणि कर्ताही आहे.